एडिनबरामधली जमिनीखालची भुतांची टूर करण्यासारखी आहे का? साउथ ब्रिजखालच्या भुयारांची करावी की मेरी किंग्ज क्लोजची? सोबत सत्तरीची आई आणि सहा वर्षांचा मुलगा आहे.

करा. पण रात्रीची भुतांची नको, दिवसाची इतिहासाची करा.

एवढं लिहून थांबणार होतो. पण याच प्रश्नाखाली आधीच एकांनी लिहिलंय की ‘तिथे खरंच काहीतरी आहे, माझ्या मानेवर कुणीतरी गार बोट ठेवलं’, आणि त्या उत्तराला लोकांनी भरभरून पसंती दिली आहे. ते वाचून राहवलं नाही. तिथे काय आहे ते मी सांगतो. तिथे गळती आहे.

मी सिव्हिल इंजिनिअर, आता निवृत्त. मुलगी एडिनबरात नोकरीला आहे. मध्यंतरी आम्ही दोघं, बायकोची मोठी बहीण आणि तिचे यजमान असे चौघं तिच्याकडे राहून आलो. हे आमचे मोठे साडू, मी त्यांना भाऊसाहेब म्हणतो. टूरची तिकिटं त्यांनी काढली आणि विचारून न विचारल्यासारखं करून रात्रीचीच काढली. ‘दिवसा कसलं भूत बघायचं?’ म्हणे.

साउथ ब्रिजवरून तुम्ही चालाल तेव्हा आपण पुलावर आहोत हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. दोन्ही बाजूंना दुकानं, मधून बस, फुटपाथवर गर्दी. या पुलाला १९ कमानी आहेत आणि त्यातली काउगेट रस्त्यावरची एकच आज उघडी दिसते. बाकीच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींमागे झाकल्या गेल्या. काम १७८५ ते १७८८ या काळातलं. रॉबर्ट ॲडम हा त्या काळचा मोठा वास्तुविशारद, त्याने आराखडा करून दिला होता. महाग पडतो म्हणून तो बाजूला ठेवला. (पुढे काय होणार ते आमच्या धंद्यातल्या माणसाला इथेच कळतं.)

झाकलेल्या कमानींच्या पोटात मजले टाकून साधारण १२० खोल्या काढल्या. वरच्या दुकानदारांची कोठारं, चांभारांचे आणि सुऱ्या-कात्र्या करणाऱ्यांचे कारखाने, दारूचे गुत्ते, सगळं तिथे आलं. राहिलं एकच काम: वरच्या रस्त्यातून झिरपणारं पाणी अडवायचं. ते कुणी केलंच नाही. स्कॉटलंडचा पाऊस, घोड्यांचं मूत, सांडपाणी, सगळं दगडांच्या सांध्यांतून खाली. थोड्याच वर्षांत धंदेवाल्यांनी गाशा गुंडाळला आणि ज्यांना दुसरीकडे जागा नव्हती ते राहायला आले. हायलँड्समधून जमिनीवरून हुसकलेली कुटुंबं, आयर्लंडहून आलेले मजूर. खिडकी नाही, नळ नाही, संडास नाही. उजेडाला माशाच्या तेलाचे दिवे.

पुढे एकोणिसाव्या शतकातच या खोल्या राडारोड्याने भरून टाकल्या आणि लोक त्यांना विसरून गेले. १९८० च्या दशकात नॉरी रोवन नावाच्या माजी रग्बीपटूला त्या पुन्हा सापडल्या. हा गृहस्थ भारी. १९८९ मध्ये क्रिस्तियान रादुकानू या रोमेनियन खेळाडूला त्याने इथूनच त्यांच्या गुप्त पोलिसांच्या हातावर तुरी देऊन निसटवलं. मग उकरणं सुरू झालं आणि आत काय निघालं? कालवांच्या शिंपल्यांचे ढीग, औषधाच्या बाटल्या, फुटक्या ताटल्या, पोरांची खेळणी.

खेळणी, हे लक्षात घ्या. रात्रीच्या टूरमध्ये यातलं काही सांगत नाहीत.

आमचा गाइड काळा झगा घातलेला, विशीतला पोरगा. पूल सुरू होताना पहिला मान एका म्हाताऱ्या प्रतिष्ठित बाईंचा होता, त्या आधीच वारल्या, तरी दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून त्यांची शवपेटी पहिली नेली आणि पूल शापित झाला, ही गोष्ट त्याने रंगवून सांगितली. बर्क आणि हेअर यांनी १८२८ मध्ये सोळा खून करून प्रेतं शरीरशास्त्राच्या मास्तरांना विकली, ते इथेच वावरायचे, हेही सांगितलं. खून खरे आहेत, भुयारांशी त्यांचा संबंध जोडणारा पुरावा नाही. मग आम्हाला एका खोलीत भिंतीला पाठ लावून उभं केलं, ‘मिस्टर बूट्स’ नावाच्या बूट वाजवत फिरणाऱ्या भुताचं वर्णन केलं आणि टॉर्च विझवला.

दोन सेकंदांत भाऊसाहेब ओरडले. ‘अगं आई गं!’ असे ओरडले की एक जर्मन बाई त्याहून मोठ्याने ओरडली. गाइडला आयतंच मिळालं. ‘सर, काय जाणवलं? कुठे जाणवलं?’ भाऊसाहेब मानेला हात लावून, गार बोट, गार बोट.

मी मोबाइलचा दिवा लावला आणि वर धरला. कमानीच्या माथ्यावर, अगदी भाऊसाहेबांच्या डोक्यावर, सांधा काळा पडलेला. त्याच्या कडेने पांढरे क्षार फुललेले. सांध्यातला चुना पाण्याने धुऊन बाहेर आला की ते असे फुलतात. आणि टोकाला दुसरा थेंब तयार. मी गाइडला विचारलं, आज दिवसभर पाऊस होता ना? तो म्हणाला, सर, प्लीज लाइट बंद करा. मी म्हटलं, करतो, पण या खोलीवर वर गटार येतं का तेवढं सांग. बायकोने दंडाला चिमटा काढला. मागून कुणीतरी हसलं. बायको अजून म्हणते की मी सगळ्यांच्या पैशांचा विचका केला. माझ्या मते त्या दिवशी त्यांना पैशांपेक्षा जास्त मिळालं.

बाहेर आल्यावर भाऊसाहेब ठाम होते. पाणी असतं तर कॉलर ओली झाली असती. मी कॉलरला हात लावला. ओली होती. ‘तो घाम आहे,’ म्हणाले. एडिनबरात, ऑक्टोबरमध्ये, घाम!

गाइड मात्र भला निघाला. पुरातत्त्वाचा विद्यार्थी होता. टूर संपल्यावर त्याने झगा काढला आणि माझ्याशी पुलावर अर्धा तास बोलला. त्यानेच सांगितलं की दिवसाच्या टूरला या, तिथे हेच नीट दाखवतात. मी आणि मुलगी दुसऱ्या दिवशी गेलो. दगडी कमान कशी उचलली, मजले कुठे टाकले, धूर कुठून जायचा, एका खोलीत किती माणसं झोपत असतील, सगळं शांतपणे पाहायला मिळालं. भाऊसाहेब आले नाहीत. त्यांनी ते पाहायला हवं होतं. का, ते सांगतो.

आमच्या सासऱ्यांचं साताऱ्यात घर आहे. मधल्या खोलीच्या भिंतीवर दर पावसाळ्यात ओल यायची आणि तिचा आकार हुबेहूब पाठमोऱ्या बाईसारखा व्हायचा. अंबाडा, खांदे, पदर, सगळं. आमची पोरं मे महिन्यात जायची तेव्हा ती सुकलेली असे, पण पिवळट कडा राहायच्या. एकही पोर त्या खोलीत झोपायला तयार नसे. शेजारच्या एका आजींनी सांगून टाकलं की या जागेत पूर्वी कुणी बाई गेली असणार. सासूबाईंनी नारळही दिला.

मी तेव्हाच गच्चीवर जाऊन पाहून आलो होतो. स्लॅबला उतार नाही, पाणी बरोबर मधल्या खोलीवर साठतं, पॅरापेटच्या (कठड्याच्या) कडेला गोलाई केलेली नाही. जुना थर फोडा, ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) करा, उतार पाइपाकडे काढा, खर्च होईल पण प्रश्न मिटेल, असं मी लेखी दिलं होतं. भाऊसाहेब म्हणाले, तुम्ही सरकारी लोक, तुम्हाला सगळं फोडायचंच सुचतं. त्यांनी ओळखीचा माणूस आणून वरून केमिकलचा पांढरा थर मारून घेतला. पहिल्या वर्षी सगळे माझ्याकडे बघून हसले. तिसऱ्या पावसाळ्यात बाई परत आली. सोबत छतालाही फुगे आले आणि सासूबाईंच्या ट्रंकेतल्या नऊवाऱ्या कुजल्या. त्यावर भाऊसाहेबांचं आजतागायत एकच म्हणणं: ‘पाणी कुठूनही येतं हो.’

येत नाही. पाणी वरून खाली येतं, आणि कुणीतरी पैसे वाचवले असतील तिथूनच येतं. साउथ ब्रिजला तेच झालं.

ज्यांना हे पटत नाही त्यांच्यासाठी: २००१ मध्ये रिचर्ड वाइजमन या मानसशास्त्रज्ञाने याच भुयारांत प्रयोग केला. दोनशेहून जास्त लोकांना वेगवेगळ्या खोल्यांत उभं केलं आणि काय वाटलं ते लिहून घेतलं. कुठल्या खोल्या झपाटलेल्या म्हणून प्रसिद्ध आहेत हे त्यांना सांगितलं नव्हतं. तरी त्याच खोल्यांत विचित्र अनुभव जास्त आले. म्हणजे लोक खोटं बोलत नाहीत, हे मी मान्य करतो. पण त्याने खोल्यांची मोजमापंही घेतली होती, आणि हे अनुभव खोलीचा आकार, छताची उंची, उजेड यांच्याशी जुळत होते. मोठी खोली, उंच छत, उजेड-अंधाराचा खेळ. भीती खरी असते, तिचं कारण बांधकामात असतं. हे मी भाऊसाहेबांना फोनवर पाठवलं. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही.

आता तुमचा दुसरा पर्याय, मेरी किंग्ज क्लोज. लोक या दोन्हींची गल्लत करतात. हे भुयार नाहीच. ही खरी गल्ली आहे, वर झाकण पडलेली. दोन्ही बाजूंना उंचच उंच घरं होती. १७५३ पासून तिथे रॉयल एक्सचेंजची इमारत उभी करताना वरचे मजले पाडले आणि खालचे पायासारखे वापरले. वर आज नगरपालिका बसते. मेरी किंग ही सतराव्या शतकातली कापडाचा व्यापार करणारी विधवा, आणि एका बाईचं नाव गल्लीला पडावं एवढं तिचं वजन होतं. शेवटचा रहिवासी चेस्नी नावाचा करवती बनवणारा, तो १९०२ पर्यंत हटला नाही.

प्लेग झालेल्यांना इथे भिंती घालून जिवंत गाडलं, ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली तर सोडून द्या. १६४५ च्या प्लेगमध्ये आजारी घरांवर खूण करून त्यांना अन्न आणि कोळसा पोचवत होते, बऱ्याच जणांना गावाबाहेर झोपड्यांत हलवलं. जॉर्ज रे नावाच्या डॉक्टरला नगरपालिकेने भरमसाट पगार कबूल केला, कारण तो जगेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तो जगला, आणि पैशांसाठी पुढे कित्येक वर्षं खेटे घालत बसला. त्या सगळ्या गल्लीत मला सर्वांत जवळचा वाटला तो हा माणूस. बिलं अडकलेला कुठलाही ठेकेदार त्याच्याकडे पाहून गहिवरेल.

तिथेच एका खोलीत बाहुल्यांचा ढीग आहे. १९९२ मध्ये जपानहून आलेल्या एका अतींद्रियवाल्या बाईंना तिथे ॲनी नावाची रडणारी मुलगी जाणवली, म्हणून त्यांनी बाहुली ठेवली. तेव्हापासून पर्यटक ठेवतात. तुमच्या मुलाला हे आवडेल किंवा रात्री झोप येणार नाही, मुलाला तुम्ही ओळखता.

हो, तुमचे मूळ प्रश्न. मुलगा सहाचा आहे, क्लोजला चालेल, पाचच्या खालच्यांना तिथे घेत नाहीत. रात्री उशिराच्या काही टूर फक्त मोठ्यांसाठी असतात, तिकीट काढताना पाहा. आईंचं जरा अवघड आहे. दोन्हीकडे जिने आहेत, जमीन खडबडीत आहे, क्लोजमध्ये उतार चांगलाच तीव्र आहे आणि मध्येच ‘मी बाहेर बसते’ म्हणायला सोय नसते. गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेत जीव घाबरत असेल तर त्यांना वर रस्त्यावरच्या सेंट जाइल्स कॅथेड्रलमध्ये बसवा, तेही पाहण्यासारखं आहे. ऑगस्टमध्ये जात असाल तर तिकिटं फार आधी काढा, तेव्हा गावात फेस्टिव्हलची तुफान गर्दी असते. खाली बाराही महिने गारठा. जॅकेटला टोपी असू द्या, कशासाठी ते आता सांगायला नको. आणि दोन्हींपैकी एकच करायची असेल तर तुमच्या गोतावळ्याला क्लोज बरी, मला स्वतःला पूल.

‘आपला शनिवारवाडा काय कमी आहे? तिकडे पौंड कशाला घालवायचे?’ असं विचारणारे घरोघरी असतात, आमच्याकडेही आहेत, कोण ते ओळखा. नारायणरावांचा खून १७७३ मध्ये झाला तो खराच, पण वाड्यात फिरणाऱ्या दहांतल्या नवांना ‘काका मला वाचवा’ पलीकडे काही माहीत नसतं. १८२८ च्या आगीत आतला वाडा जळून गेला, तो कसा होता हे किती जण विचारतात? तेव्हा पौंडांचा प्रश्न नाही. तिथेही भूतच बघायचं असेल तर पुण्यातच थांबा.

भाऊसाहेब, मेहुणीने सांगितलंय की तुम्ही माझी इथली उत्तरं वाचता. साताऱ्याच्या गच्चीचं नवीन कोटेशन तुमच्या ईमेलवर आहे. उतारासकट आहे. मे संपायच्या आत हो म्हणा, नंतर गवंडी मिळत नाही.