पोटदुखीची गोळी: मुलीला चालली म्हणून आजोबांना चालेलच असं नाही

प्रश्न: नमस्कार. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. माझे सासरे 72 वर्षांचे आहेत, प्रोस्टेटसाठी त्यांना रात्रीची टॅमसुलोसिन चालू आहे. परवा सराफ्याच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस, दहीवडा असं सगळं खाऊन आले आणि रात्री पोटात मुरडा यायला लागला. घरात मुलीची पाळीच्या दुखण्याची मेफ्टल स्पास होती, तीच दिली, बरं वाटलं म्हणून दोन दिवस दिवसातून तीनदा घेतली. आता तोंडाला सारखी कोरड पडते, लघवी थेंब थेंब होते आणि काल रात्री उठून मला विचारत होते की दुकान उघडायचं नाही का, दुकान बंद करून किती वर्षं झाली! हे वयामुळे का गोळीमुळे? आणि मुलगी (वय 19) दर महिन्याला हीच गोळी घेते, या गोळीबद्दल काही तरी इशारा आला होता म्हणे, मग तिनंही बंद करायची का?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी, ती गोळी बाबांना आता एकही देऊ नका आणि हे वाचत असाल तेव्हाही लघवी नीट होत नसेल तर वाट बघत बसू नका. ओटीपोट फुगलंय, घट्ट लागतंय, जोर करूनही लघवी होत नाही असं असेल तर सरळ एमवायला (इंदूरचं महाराजा यशवंतराव सरकारी हॉस्पिटल) किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला न्या, तिथं नळी घालून मूत्राशय रिकामं करतात आणि पेशंटला लगेच आराम पडतो. जाताना ती स्ट्रिप आणि त्यांच्या रोजच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. टॅमसुलोसिन मात्र स्वतःहून बंद करू नका.

तुम्ही जे लिहिलंय ते वयापेक्षा गोळीकडे जास्त बोट दाखवतं. या गोळीत दोन औषधं आहेत, 250 मिग्रॅ मेफेनॅमिक ॲसिड (हे दुखणं आणि सूज कमी करणारं) आणि 10 मिग्रॅ डायसायक्लोमिन, जे मुरडा थांबवतं. आतड्याच्या स्नायूला आवळण्याचा जो निरोप नसांकडून जातो तो डायसायक्लोमिन अडवतं, म्हणून पीळ सुटतो. पण तसाच निरोप लाळेच्या ग्रंथींना, डोळ्यांना, हृदयाला, घामाच्या ग्रंथींना आणि मूत्राशयालाही जातो, आणि गोळी काही फक्त पोट निवडून काम करत नाही. म्हणून तोंड कोरडं पडतं, जवळचं अक्षर धूसर दिसतं, छातीत धडधडतं, शौचाला खडा होतो, झोप येते. तरुण माणसाला हे थोडं फार जाणवतं आणि गोळी थांबवली की जातं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवीची वाट आधीच अरुंद असते, त्यात मूत्राशयाचा स्नायूच ढिला पडला की लघवी तुंबते. आणि म्हातारपणी मेंदूवर या औषधाचा परिणाम लवकर होतो, माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो, रात्री उठून चालताना तोल जातो. घरच्यांना वाटतं विसराळूपणा सुरू झाला. म्हणूनच वयस्कर पेशंटना हे औषध शक्यतो टाळावं असं अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या बीअर्स यादीतही आहे. वर मेफेनॅमिकचाही भार आहेच, या वयात किडनी आणि पोटाला ते जड जातं, बीपीची गोळी चालू असेल तर जास्तच.

अजून एक विचारून घ्या, बाबांना सर्दीची गोळी किंवा खोकल्याचं सिरप चालू होतं का? त्यातल्या बऱ्याच जुन्या ॲलर्जीच्या औषधांचा परिणाम याच जातीचा असतो, दोन्ही एकत्र आलं की कोरड, गुंगी, लघवी अडकणं सगळंच वाढतं. काचबिंदू असेल तर हे औषध नकोच, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणजे डोळे तपासलेच आहेत, काचबिंदू नसणार, असं धरून चालू नका.

आणि मे महिन्यात इंदूरचं ऊन 40 च्या वर जातं. ज्याचा घामच कमी झालाय त्याच्या अंगातली उष्णता बाहेर जाणार कशी? डायसायक्लोमिन घेऊन दुपारी उन्हात फिरणं, बंद खोलीत काम करणं यात लू लागायचा धोका खरा आहे. अंग तापलंय पण कोरडं आहे, माणूस बरळतोय, असं दिसलं तर लगेच सावलीत, अंगावर पाणी, पंखा, आणि दवाखाना.

आता मुलीचं. तिनं घाबरून बंद करायची गरज नाही. इशारा खरा होता, भारतीय औषधकोश आयोगानं 30 नोव्हेंबर 2023 ला मेफेनॅमिक ॲसिडबद्दल काढला होता, या औषधानं काही लोकांना ड्रेस नावाची गंभीर ॲलर्जी होऊ शकते असं त्यात होतं. ताप, अंगभर पुरळ, चेहऱ्याला सूज, गाठी सुजणं, आणि आत लिव्हर-किडनीलाही मार बसू शकतो. हे क्वचित होतं, पण बहुतेकदा औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी दिसतं, त्यामुळे ताप आणि पुरळ आलं की तिनं गेल्या दोन महिन्यांत ही गोळी घेतली होती हे डॉक्टरांना आठवणीनं सांगायचं. एकदा असं झालं तर ही गोळी परत कधीच नाही. साइड इफेक्टची तक्रार पेशंटलाही 1800-180-3024 या टोल फ्री नंबरवर करता येते, फार कमी लोक करतात, कृपया करा.

एरवी दोन-तीन दिवस, जेवणानंतर, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात, एवढंच. दमा किंवा अल्सर असेल, किंवा पेनकिलरची ॲलर्जी असेल तर आधी विचारायचं. डोळ्यांपुढे धूसर वाटत असेल तर त्या दिवशी स्कूटी चालवू नये. आणि दर महिन्याला गोळीशिवाय उठताच येत नसेल, कॉलेज बुडत असेल, तर एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, इतकं दुखणं मुलींनी सोसायचंच असतं असं काही नाही, त्यामागे कारण असू शकतं.

एक गोष्ट मात्र मला कळकळीनं सांगायची आहे. मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून गोळी मिळते, पण स्ट्रिपच्या मागे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं असतं आणि त्याला कारण आहे. पोटातली कळ बेंबीपासून सुरू होऊन उजवीकडे खाली सरकली, ताप आला, उलट्या थांबत नाहीत, पोट दगडासारखं कडक झालं, गॅसही सरत नाही, अशा वेळी मुरड्याची गोळी देऊन दुखणं दाबलं की अपेंडिक्स किंवा आतड्याची अडचण उशिरा कळते.

प्रश्न: माझं बाळ चार महिन्यांचं आहे, संध्याकाळी गॅसनं फार रडतं. शेजारच्या काकूंनी पोटदुखीचे ड्रॉप्स दिलेत, त्यांच्या नातवाला चालले होते. दोन थेंब देऊ का? मी अंगावर पाजते.

उत्तर: थांबा, बाटलीवरचं बारीक अक्षर आधी वाचा. त्यात डायसायक्लोमिन असेल तर देऊ नका, सहा महिन्यांखालच्या बाळांना ते द्यायचंच नाही, श्वास अडकणं, झटके येणं असे प्रकार घडलेले आहेत. तुम्ही स्वतःही घेऊ नका, ते दुधात उतरतं. नुसतं सिमेथिकोन असलेले ड्रॉप्स वेगळे, पण तेही बालरोगतज्ज्ञांना फोनवर विचारून. तोवर पाजल्यावर बाळाला खांद्यावर उभं धरून ढेकर काढा, पाय पोटाशी हलके दुमडा. ताप असेल, हिरवी उलटी होत असेल, दूध ओढत नसेल किंवा शीतून रक्त जात असेल तर मात्र आजच, रात्र असली तरी, दाखवायला न्या.