वाचक विचारतात : लोड ६०, तरी प्रोसेसर निवांत

प्रश्न : सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. ऑर्डर, स्टॉक, बिलिंग सगळं एकाच सर्व्हरवर : दोन सॉकेट मिळून ३२ कोअर, ६४ जीबी रॅम, डेबियन १२ (लिनक्स), पोस्टग्रेस डेटाबेस, त्याचा शेअर्ड बफर (सगळ्या कनेक्शनची सामायिक मेमरी) ३२ जीबी. दुपारी तीनशे कनेक्शन होतात, लोड (कामाच्या रांगेचा आकडा) ६० वर जातो, पण प्रोसेसर निम्मे रिकामे दिसतात. कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.१ सोडून ६.१२ घ्यावा, रिअल-टाइम कर्नल घ्यावा, की फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर जावं?

उत्तर : रिअल-टाइम आधी बाजूला ठेवा. तो ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्ये आल्याने त्याचा बोलबाला आहे. पण त्याची हमी वेळेवर प्रतिसादाची. एकूण काम त्यात कमीच उरकतं. यंत्र चालवायला उत्तम, बिलिंगला नाही. फ्रीबीएसडी वाईट नाही, पण हे दुखणं तिथेही तुमच्याबरोबर येऊ शकतं.

लिनक्सच्या लोडमध्ये डिस्कसाठी खोळंबलेले प्रोसेसही धरले जातात. व्हीएमस्टॅट ही कमांड दर सेकंदाला चालवून बघा. 'आर' (चालायला तयार प्रोसेस) रकाना सतत ३२ च्या वर असेल तर कोअर कमी पडताहेत. 'बी' (अडकलेले प्रोसेस) आणि 'डब्ल्यूए' (डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ) फुगले तर डिस्क कमी पडतेय. तुमच्याकडे बहुधा दुसरा प्रकार निघेल, आणि त्याचं मूळ मेमरीत असू शकतं.

हिशोब करा. ३२ जीबी बफर ४ केबीच्या पानांत (मेमरीच्या तुकड्यांत) मोडला की सुमारे ८४ लाख पानं होतात. दर पानाची नोंद ८ बाइटची, म्हणजे पूर्ण बफर हाताळणाऱ्या एका कनेक्शनचं पेज टेबल (कुठलं पान मेमरीत कुठे, याची यादी) ६४ एमबी. तीनशे कनेक्शनचे जवळपास १९ जीबी! तेवढी फाइल कॅश (डिस्कवरचं वाचून मेमरीत ठेवलेलं) बाहेर फेकली जाते आणि डिस्कवर झुंबड उडते. भर दुपारी मेमइन्फो या सिस्टिम फाइलमधली 'पेजटेबल्स' ही ओळ वाचा. आकडा काही जीबीत असेल तर २ एमबीची ह्यूज पेजेस (मोठी पानं) वापरा : बफरपुरती १६,३८४ लागतात, वर थोडी धरून १७,००० राखा. ती बूट होतानाच राखा; नंतर मेमरी तुकड्या-तुकड्यांत विखुरते आणि पुरती मिळत नाहीत. पोस्टग्रेसमध्ये ह्यूज पेजेसचं सेटिंग 'ट्राय' न ठेवता 'ऑन' करा. 'ट्राय'मध्ये पानं मिळाली नाहीत तर ते गुपचूप लहान पानांवर जातं. 'ऑन'मध्ये सुरूच होत नाही, म्हणजे चूक लगेच कळते. शिवाय ३२ कोअरला तीनशे कनेक्शन कशाला? मध्ये पीजीबाउन्सर बसवा; तो थोडीच कनेक्शन सगळ्यांत वाटून वापरतो.

एमपीस्टॅट कमांडने सगळे कोअर वेगवेगळे पाहा. एकाच कोअरचा 'सॉफ्ट' (इंटरप्टनंतरच्या कामाचा वेळ) शंभराला टेकला असेल तर नेटवर्क कार्डाचे सगळे इंटरप्ट (लक्ष वेधणारे सिग्नल) त्याच्यावर पडताहेत. ईथटूल कमांडने कार्डाच्या रांगा वाढवा.

आता ६.१२. मेमरीचं लॉक (एका वेळी एकालाच बदल करू देणारं कुलूप) ६.४ मध्ये बारीक झालं, म्हणजे मेमरीच्या भागाभागाला वेगळं झालं, पण त्याचा फायदा एका प्रोसेसमध्ये शेकडो थ्रेड (समांतर कामं) चालवणाऱ्या जावा किंवा मायएसक्यूएलला. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन वेगळा प्रोसेस, त्यामुळे तिथे फारसा फरक नाही. ६.६ ला शेड्युलरही (कुठल्या प्रोसेसला कधी प्रोसेसर द्यायचा ते ठरवणारा भाग) बदलला, आणि काही डेटाबेसना त्याचा उलट फटका बसला. म्हणून वरचं सगळं झाल्यावरच डेबियनच्या बॅकपोर्ट्समधून (जुन्या आवृत्तीसाठी दिलेल्या नव्या पॅकेजेसमधून) ६.१२ घाला आणि ग्रबमध्ये (बूट मेनूत) ६.१ ठेवा. दिवाळीच्या ऑर्डरींच्या तोंडावर तर नकोच.

प्रश्न : आमचा सर्व्हर एप्रिल-मेमध्येच मंदावतो. कर्नल बदलू का?

उत्तर : नको. कर्नल लॉगमध्ये 'थ्रॉटल' शोधा. सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. त्यात मागाजवळच्या खोलीत सुताचे तंतू हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या भागाच्या) पात्यांत बसले की प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो. मशीन बंद करून ब्लोअरने साफ करा आणि पंखे हाताने धरून ठेवा, फिरू देऊ नका.