रेलिंगला डाग पडले, दोष पाइपचा की वेल्डिंगचा?

प्रश्न: सर नमस्कार, माझा फॅब्रिकेशनचा धंदा आहे. कळंगुटला समुद्राला लागून एका घराचं रेलिंग केलं, स्टेनलेस स्टीलचा पाइप ३१६ ग्रेडचा म्हणून घेतला, पैसे पण तेवढेच मोजले, आणि एकाच पावसाळ्यात जॉइंटांजवळ तांबूस डाग आले. गिऱ्हाईक म्हणतं फसवलंत. मिठाच्या पाण्याचे फवारे मारून गंज बघायच्या सॉल्ट स्प्रे टेस्टला फार दिवस जातात, इलेक्ट्रोकेमिकल टेस्टने दिवसभरात कळतं असं ऐकलं. खरं का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: खरं आहे, पण लॅबला तुकडा कुठला देता यावर सगळं अवलंबून आहे. डाग जॉइंटांजवळच आलेत ना, मग नुसता कोरा पाइप कापून दिलात तर रिपोर्ट चांगला येईल आणि तुमचा प्रश्न तिथेच राहील. वेल्डिंग केलेला, तुम्ही नेहमी जसं फिनिशिंग करता तसंच केलेला तुकडा द्या, सोबत एक कोरा पण द्या.

टेस्ट अशी असते. तुकड्याच्या मागे वायर जोडतात, ठरावीक जागा, समजा एक चौरस सेंटिमीटर, उघडी ठेवून बाकी झाकतात आणि ३.५ टक्के मिठाच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे जवळपास समुद्राइतकं खारट. बाजूला एक रेफरन्स इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो, आणि करंट जायला आणखी एक, प्लॅटिनमचा किंवा ग्रॅफाइटचा. आधी तासभर काहीच करत नाहीत, धातूचं व्होल्टेज स्थिर व्हायची वाट बघतात, आणि मग पोटेन्शिओस्टॅट नावाचं मशीन ते हळूहळू चढवतं, तासाला ०.६ व्होल्ट. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो धरून आहे तोवर करंट अगदी कमी, आणि एका ठिकाणी ग्राफ एकदम वर उसळतो. तिथे थर फुटला, खड्डा पडायला लागला. हा पॉइंट जितक्या वरच्या व्होल्टेजला येईल तितका माल चांगला. मग व्होल्टेज परत खाली आणतात, खड्डा वाढायचा लवकर थांबून थर परत बसला तर ठीक, ग्राफचा मोठा लूप झाला तर खड्डा आत वाढत राहतो.

रिपोर्टात ‘वर्षाला इतके मिलिमीटर’ असा आकडा पण देतात. साध्या लोखंडाला तो उपयोगी, तिथे दर चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोअँपिअर म्हणजे वर्षाला सुमारे ०.०११६ मिमी. स्टेनलेसला त्यावर अजिबात जाऊ नका, कारण तो सगळ्या पृष्ठभागाची सरासरी काढतो आणि स्टेनलेस तर एका टाचणीएवढ्या जागी भोक पडून जातं. आणखी एक, झाकलेल्या कडेच्या फटीत पाणी शिरलं तर ग्राफ उगाच लवकर उसळतो, म्हणून टेस्ट झाल्यावर तुकडा भिंगाखाली बघायला सांगा, खड्डे मध्ये हवेत, कडेला नकोत.

कोरा तुकडाच लवकर फुटला तर ग्रेडची शंका घ्या. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ३०४ या साध्या ग्रेडमध्ये ते मुद्दाम घातलेलं नसतं, केमिकल तपासणीत लगेच कळेल. पण कोरा चांगला आणि जोडाचा फुटला, आणि मला तसंच होईल असं वाटतं, तर वेल्डिंगच्या निळ्या-पिवळ्या पट्ट्याखाली क्रोमियम कमी झालंय, नाहीतर लोखंडाला वापरलेलं ग्राइंडिंग व्हील इथे फिरलंय. मग सप्लायरशी भांडून फायदा नाही. स्टेनलेससाठी व्हील वेगळं ठेवा आणि जॉइंट पिकलिंग पेस्टने, म्हणजे वेल्डिंगचा डागाळलेला थर काढणाऱ्या अ‍ॅसिडच्या पेस्टने, साफ करा. त्या पेस्टमध्ये बहुतेक वेळा हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं, कातडीतून आत जातं आणि कधी कधी दुखायलाही उशिरा लागतं, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कामाच्या पोरांना डबा उघडू देऊ नका.