ह्यूस्टनमधील फ्रीडमन्स टाउनचा इतिहास विद्यार्थ्यांना कसा शिकवावा?

आपला प्रश्न असा आहे की, ह्यूस्टनच्या शाळेत सातवीला टेक्ससचा इतिहास शिकवताना, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी वसवलेले फ्रीडमन्स टाउन जूनटीन्थच्या (१९ जूनच्या मुक्तिदिनाच्या) एका तासात उरकायचे नसेल, तर सुरुवात कुठून करावी. मीही याच शहरात सामाजिक शास्त्रे शिकवतो. माझ्या मते सुरुवात जमिनीपासून करावी.

त्याआधी १९ जून १८६५ रोजी गॅल्व्हेस्टनमध्ये जारी झालेला, गुलामांना मुक्त करणारा लष्करी आदेश, जनरल ऑर्डर क्रमांक ३, मुलांकडून पूर्ण वाचून घ्यावा. त्यातील मुक्ततेची घोषणा सर्वांना माहीत असते. मात्र पुढे त्याच आदेशात मुक्त झालेल्यांना आहे तिथेच शांतपणे राहून मजुरीवर काम करण्याचा सल्ला दिलेला आहे. तो न मानता ब्राझोस नदीकाठच्या मळ्यांवरील अनेक कुटुंबे सॅन फेलिपे रस्त्याने ह्यूस्टनला आली आणि बफेलो बायू या संथ जलप्रवाहाच्या दक्षिणेस, पुराची भीती असलेल्या जमिनीवर राहू लागली. हा आदेश आणि वस्तीचा नकाशा शेजारी शेजारी ठेवले, तर पुढचे प्रश्न मुलेच विचारतात.

१८६६ मध्ये टेक्ससने सरकारी जमीन मोफत देण्याचा कायदा केला, पण तो फक्त गोऱ्यांसाठी होता. त्यामुळे राज्यात पुढील काही दशकांत उभ्या राहिलेल्या ५५० हून अधिक मुक्त वस्त्यांची कहाणी प्रामुख्याने जमीन मिळवण्याची आणि ती राखण्याची आहे. फ्रीडमन्स टाउनमधील अँटिऑक बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री जॅक येट्स स्वतः गुलामगिरीतून आलेले होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गणी जमवून १८७२ मध्ये मुक्तिदिन साजरा करण्यासाठी १० एकर जागा विकत घेतली. तीच आजची इमॅन्सिपेशन पार्क. मुलांना हा व्यवहार फार चटकन समजतो, कदाचित घरभाड्याच्या गोष्टी त्यांच्या कानावर पडत असतात म्हणून.

वस्ती कशी तुटली, हेही टाळू नये. १९४० च्या दशकात तिच्या एका भागावर गोऱ्यांसाठी सरकारी घरे बांधली गेली, त्यानंतर महामार्गाने अँटिऑक चर्च वस्तीपासून वेगळे केले, आणि ते आज उंच इमारतींच्या मधोमध उभे आहे. १९८५ मध्ये हा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत आला, तरी त्यानंतरही जुनी घरे पाडली गेली. नोंद आणि संरक्षण यांतील फरक वर्गात दाखवायला याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही.

प्रत्यक्ष कामासाठी विमा कंपन्यांकरिता काढलेले जुने सॅनबॉर्न नकाशे घ्यावेत आणि प्रत्येक गटाला एकच ब्लॉक (चार रस्त्यांमधला भाग) द्यावा. तेथील घरांमध्ये कोण राहत होते व काय काम करत होते, हे जुन्या शहर निर्देशिकांतून शोधता येते. विटांचे रस्ते रहिवाशांनी स्वखर्चाने घातले, असे वस्तीतील लोक सांगतात. ही मौखिक साक्ष कागदपत्रांसोबत कशी तपासायची, यासाठी एक स्वतंत्र तास ठेवावा. गुलामगिरीचे प्रसंग मुलांकडून वठवून घेणे मात्र कटाक्षाने टाळावे. सहलीसाठी ग्रेगरी स्कूलच्या १९२६ च्या इमारतीतील आफ्रिकन-अमेरिकन इतिहास संशोधन केंद्र उत्तम आहे. मुलांना मूळ कागदपत्रे पाहायची असतील, तर तेथील अभिलेखपालांना आधी कळवून ठेवावे.