काही नवीन नसतं हे माहीत असूनही हात फोनकडे का जातो?

पाहण्यासारखं काही नसतं, पाहून समाधानही होत नाही, तरी ॲप उघडावंसं का वाटतं, असं तुम्ही विचारलंय.

कारण ओढ वाटणं आणि आवडणं या मेंदूच्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांच्या प्रयोगांत उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन हे रसायन जवळजवळ नष्ट केलं, तरी गोड चव आवडल्याच्या खुणा त्यांच्या तोंडावर दिसतच राहिल्या. मात्र खाणं समोर असूनही ते आपणहून खाईनात. म्हणून डोपामाइनला 'आनंदाचं रसायन' म्हणणं मला चुकीचं वाटतं. ते मुख्यतः ओढ लावतं.

त्यात बक्षीस बेभरवशाचं. दहांतल्या एखाद्याच वेळी काही छान दिसतं आणि ती वेळ कोणती, हे आधी कळत नाही. असं अधूनमधून मिळणारं बक्षीस थांबलं तरी सवय फार चिवटपणे टिकते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर दाखवलं होतं. म्हणजे रिकाम्या फेऱ्यांनी तुमची सवय मोडत नाही, उलट पक्की होते.

केवळ निश्चयावर भिस्त ठेवू नका. तीन दिवस फक्त नोंद करा: ॲप उघडण्याच्या क्षणी काय चाललं होतं? कंटाळा, अडलेलं काम, एकटेपणा? उपाय त्यावर ठरतो. काम अडलं असेल तर त्याचा पाच मिनिटांचा तुकडा उचला. एकटं वाटत असेल तर कुणाला तरी फोन करा. फोन आणि थेट निरोप सोडून बाकी नोटिफिकेशन बंद. ॲप काढून टाका, ब्राउझरमधूनच लॉगिन करा आणि पासवर्ड सेव्ह करू नका. हा अडथळा क्षुल्लक वाटतो, पण नकळत होणारी कृती तिथे अडते. दिवसातल्या दोन वेळा ठरवून तेव्हाच पाहा. स्क्रीन काळी-पांढरी करणं हा दुय्यम उपाय.

बहुतेकांचं बिनसतं ते पहिल्या काही दिवसांत. बक्षीस थांबलं की ओढ आधी वाढते. 'एकदाच बघतो' म्हणून तेव्हा उघडलंत, तर तेच बेभरवशाचं बक्षीस ठरतं. ओढ दाबूही नका. दाबलेला विचार पुन्हा उसळतो. दहा मिनिटांचा टायमर लावा आणि ती शरीरात कुठे जाणवते, छातीत की बोटांत, ते बघत राहा. व्यसनांवर काम करणारे ॲलन मारलॅट ओढीला लाट म्हणत: ती चढते आणि ओसरते.

झोप किंवा काम सतत बिघडत असेल, किंवा उदासी हटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तिथे ॲप काढणं पुरत नाही.