‘अविनाशी चाचणी’ की ‘अविनाशक चाचणी’?

परभणीहून एका ताईंनी विचारलंय: अणुभट्टीतून वापरून काढलेल्या इंधनकांड्यांवरच्या लेखाचं मराठी करतेय, त्यातल्या ‘नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग’ला ‘अविनाशी चाचणी’ म्हटलं तर चालेल का?

ताई, नका म्हणू. अविनाशी म्हणजे ज्याला नाश नाही ते. आत्मा अविनाशी. चाचणी अविनाशी म्हटली, तर ती कधी संपतच नाही असा अर्थ होतो. तुम्हाला म्हणायचंय की ती वस्तूचा नाश करत नाही. करणारा दाखवायला शेवटी ‘क’ हवा: तारक, मारक, विनाशक. म्हणून ‘अविनाशक चाचणी’. ‘अविध्वंसक’ही चालतं, पण विध्वंस नगराचा होतो, इंधनकांडीच्या बोटाएवढ्या जाड नळीला तो शब्द मला फार मोठा वाटतो.

ही नळी झिर्कोनियमच्या मिश्रधातूची, आत युरेनियम डायऑक्साइडच्या वड्या. भट्टीतून आल्यावर तिच्याजवळ माणूस जाऊच शकत नाही. जाड काँक्रीटच्या भिंतीआडून, शिशाच्या काचेतून बघत, यांत्रिक हातांनी ती हाताळतात. कापली की आत कोंडलेले वायू सुटतात आणि मूळ अवस्था गेलीच. म्हणून आधी न कापता बघायचं. विद्युतप्रवाहाचं वेटोळं नळीवरून सरकवतात. तडा असला की प्रवाहाची चाल बदलते. एका अरुंद फटीसमोरून कांडी हळूहळू पुढे नेत गॅमा किरण मोजतात. इंधन जळताना तयार होणारं किरणोत्सारी सीझियम-१३७ कुठे किती, त्यावरून कुठला भाग किती जळला ते कळतं.

आमची आजी सेलूच्या बाजारात माठ घेताना तो डाव्या तळव्यावर तोलायची, बोट दुमडून पेराने ठोकायची आणि कान जवळ न्यायची. खणखणला तर घ्यायचा. “बद्द वाजतोय, ठेव खाली.” डोळ्यांना न दिसणारी चीर तिला ऐकू यायची. ‘वाजवून घेणे’ हा आपला वाक्प्रचार म्हणजे अस्सल अविनाशक चाचणी! उलट शितावरून भाताची परीक्षा ही विनाशक, कारण चिमटलेलं शीत गेलंच. प्रयोगशाळेतही तपासणीच्या पुढच्या टप्प्यात कांडीची चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात, ती ही शिताची परीक्षा.

लेखात पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘अविनाशक चाचणी, म्हणजे न फोडता केलेली तपासणी’ असं लिहा. आणि ‘इरॅडिएटेड’ला ‘किरणोत्सारी’ नको. किरणोत्सारी तर कोरं युरेनियमही असतं. भट्टीत न्यूट्रॉनांचा मारा खाल्लेली कांडी ती ‘प्रारित’. प्रारण (रेडिएशन) या रुळलेल्या शब्दावरूनच तो येतो.