तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं: दुखते पोटरी, मग गोळ्या हार्टच्या का?

प्रश्न: नमस्कार मॅडम, माझे वडील ५८ वर्षांचे, आम्ही अशोक चौकाजवळ राहतो, त्यांचं सगळं आयुष्य यंत्रमागावर टॉवेल काढण्यात गेलं. शुगर बऱ्याच वर्षांपासून आहे आणि विडी काही सुटली नाही. दरवर्षी गड्ड्याच्या जत्रेला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चालायचे, यंदा थोडं चाललं की उजव्या पोटरीत गोळा यायचा, दोन मिनिटं थांबले की बरं, परत चालले की परत तेच, शेवटी अर्ध्यातून घरी आले. आम्हाला वाटलं मणक्याचं असेल. आता डॉक्टर म्हणतात पायाची रक्तवाहिनी कडक होऊन अरुंद झालीय, आणि कोलेस्टेरॉलची न् रक्त पातळ करायची गोळी दिलीय. ईसीजी तर नॉर्मल आहे, मग हार्टच्या गोळ्या कशाला? वडील म्हणतात पाय दुखतोय तर पायाचं औषध द्या.
– एक मुलगी, सोलापूर

उत्तर: ताई, गोळ्या बरोबर दिल्यात, त्या बंद करू नका, हे आधी सांगते. तुम्ही लिहिलेली खूण अगदी नेमकी आहे, चाललं की पोटरी धरते आणि नुसतं उभं राहिलं तरी सुटते. मणक्यामुळं असं होतं तेव्हा उभं राहून भागत नाही, खाली बसावं लागतं नाहीतर पुढं वाकावं लागतं. इथं काय होतंय, बसल्या जागी पोटरीला लागेल एवढं रक्त अरुंद वाहिनीतून कसंबसं पोचतंय, पण चालायला लागलं की स्नायू जास्त मागतो आणि ते पुरत नाही.

बरेच जण समजतात की नळीत आतून चरबीचा गाळ साचतो. तसं नसतं. विडीचा धूर, वाढलेली शुगर, बीपी यांनी वाहिनीचं आतलं अस्तर दुखावतं, तिथून वाईट कोलेस्टेरॉल भिंतीच्या आत शिरतं, ते खायला पांढऱ्या पेशी येतात आणि तिथंच अडकून फुगतात, मग वर्षानुवर्षं थर चढत जातो, त्यात कॅल्शियम बसतं आणि भिंत कडक होते. म्हणजे ओल लागलेल्या भिंतीला जसा आतून फुगवटा येतो ना, तसं. आणि हा फुगवटा एखाद्या दिवशी फुटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते, हार्ट अटॅक बहुतेक वेळा असाच येतो.

आता मुख्य गोष्ट. विडी आणि शुगर काय फक्त उजव्या पायात जात नाही हो. ज्याच्या पायाच्या वाहिन्या अशा झाल्यात त्याच्या हृदयाच्या, मेंदूकडं जाणाऱ्या मानेतल्या, किडनीच्या वाहिन्यांमध्येही हेच चालू असण्याची शक्यता खूप असते, किडनीची वाहिनी अरुंद झाली तर बीपी औषधांनाही दाद देत नाही. अशा पेशंटला पाय जायचा धोका असतोच, पण त्याहून जास्त धोका हार्ट अटॅक आणि पॅरालिसिसचा असतो. म्हणून त्या गोळ्या. आणि पडून काढलेला ईसीजी हृदयाच्या वाहिन्या अरुंद असतानाही नॉर्मल येऊ शकतो, त्याच्यावर निर्धास्त राहू नका.

एक तपासणी झाली नसेल तर विचारा, घोट्याचं बीपी आणि दंडाचं बीपी मोजून घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागतात, साधी आहे, सुई नाही काही नाही. ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर पायाला रक्त कमी पडतंय असं धरतात. पण वडिलांना जुनी शुगर आहे, आणि अशांच्या घोट्याच्या वाहिन्या कधीकधी इतक्या कडक झालेल्या असतात की पट्टा आवळला तरी दबत नाहीत, आकडा १.४ च्या वर जातो नाहीतर खोटाच नॉर्मल दिसतो. तसं वाटलं तर पायाच्या अंगठ्याचं प्रेशर किंवा डॉपलर, म्हणजे वाहिनीतून रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या.

विडीबद्दल मी गोड बोलणार नाही. विडी चालू ठेवून बाकी सगळे उपाय केले तरी आजार पुढं सरकत राहतो. कमी करतो, दोनच ओढतो, असं नको, पूर्ण बंद.

आणि पायाचं औषध म्हणाल तर ते चालणंच आहे. आठवड्यातून निदान तीनदा, सकाळी ऊन चढायच्या आत होम मैदानावर न्या, पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की परत निघायचं, असं अर्धा-पाऊण तास. तीनेक महिने नेटानं केलं की न थांबता चालायचं अंतर बहुतेकांचं वाढतं. सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, छातीत दुखलं किंवा दम लागला तर तिथंच थांबायचं, आणि पायाला जखम असेल तर आधी ती दाखवा.

प्रश्न: लसूण, आलं, लिंबू, व्हिनेगर उकळून घेतलं की ब्लॉकेज उघडतात असा मेसेज आलाय. माझं कोलेस्टेरॉल आता नॉर्मल आलंय, तर गोळी सोडून हे घेऊ का?

उत्तर: नका सोडू. ब्लॉकेज भिंतीच्या आत असतं, काढ्यानं ते उघडत नाही. रिपोर्ट नॉर्मल आलाय तो गोळीमुळं, सोडली की काही आठवड्यांत परत वर जाईल. जेवणात लसूण खुशाल खा, शेंगा चटणी पण खा, फक्त मीठ बेताचं.

प्रश्न: आईला शुगर आहे, पाय गार पडतात, रात्री गरम विटेनं शेकलं तर चालेल का?

उत्तर: अजिबात नको. शुगरमुळं पायाची जाणीव कमी झालेली असते, चटका बसलेला कळतच नाही आणि रक्तपुरवठा कमी असेल तर ती जखम भरत नाही. सुती मोजे घाला, रोज तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. रात्री पाय ठणकतो आणि पलंगाखाली लोंबता सोडला की बरं वाटतं, बोट काळं पडतंय, जखम दोन आठवडे झाले तरी तशीच आहे, यातलं काही दिसलं तर लगेच दाखवा. आणि पाय अचानक गार, पांढरा पडून जोरात दुखायला लागला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच मोठ्या दवाखान्यात न्या, तिथं पाय वाचवायला हातात काही तासच असतात.